काकांची लेन्स आणि मोडायला निघालेली एफडी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका २९ वर्षांच्या वाचकाने विचारलं आहे. छापखान्यात डिझायनरची नोकरी, हातात महिना ३८,००० रुपये. सुट्टीच्या दिवशी लग्न-मुंजींचे फोटो, वर्षाला १२ ऑर्डर आणि त्यातून साधारण २,४०,०००. घरखर्च ३२,०००, आई त्यांच्यावर अवलंबून. दिवंगत काकांच्या ट्रंकेत कॅननचा जुना रेंजफाइंडर (हाताने फोकस करायचा फिल्म कॅमेरा) सापडला, त्यावर ५० मिमी एफ १.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). तेव्हापासून त्यांना जुन्या लेन्स आपल्या सोनीच्या फुल-फ्रेम (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर लावायची ओढ लागली आहे. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे लायकाच्या दोन जुन्या लेन्स, ५० मिमी समिक्रॉन आणि २१ मिमी सुपर-अँग्युलॉन, दोन्ही मिळून १,८५,००० ला ठरल्या आहेत. त्यासाठी २,४०,००० च्या एफडीतून पैसे काढायचे, आणि ८५ मिमीची ऑटोफोकस लेन्स ३०,००० ला विकून अ‍ॅडॉप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी) वगैरे घ्यायचे, असा बेत आहे. ५,००० टोकन गेलं आहे. ‘या लेन्सची किंमत उतरत नाही, म्हणजे ही गुंतवणूकच ना?’ असा त्यांचा प्रश्न.

तुमची ओढ मला कळते आणि ती मला आवडली. फोटो काढणाऱ्याने काच हातात घेऊन पाहावी, काकांनी ज्या काचेतून पाहिलं त्याच काचेतून आपणही पाहावं, यात वावगं काहीच नाही. पण ही एफडी मोडू नका, आणि ८५ मिमीला तर हातही लावू नका.

आधी एफडी. सहा महिन्यांचा घरखर्च १,९२,००० होतो. तुमची एफडी म्हणजे नेमका हाच निधी, वर थोडी जागा. १,८५,००० काढले की ५५,००० उरतात, म्हणजे दोन महिनेसुद्धा नीट निघणार नाहीत. आईचं एक इस्पितळ किंवा नोकरीतला एक खंड आला, तर तुम्ही लेन्स विकायला निघाल, तेही घाईत. घाईने विकणाऱ्याला जुन्या लेन्सचा भाव कोणी पूर्ण देत नाही. तिथे रोजचा बाजारभाव नसतो, गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ते वडोदऱ्यात मिळेल याची खात्री नाही. शिवाय या लेन्सचे भाव मुळात परदेशी चलनात ठरतात. रुपया घसरला की इथली किंमत वाढलेली दिसते, म्हणून ‘उतरत नाही’ असं वाटतं. एफडी मोडण्याचा दंड आणि बुडालेलं व्याज हे वेगळंच.

कमाईच्या बाजूने पाहू. तुम्ही लिहिता की या लेन्सच्या ‘लुक’मुळे ऑर्डरमागे २,००० जास्त मागता येतील. ते खरं मानलं तरी १२ ऑर्डरचे २४,००० होतात. नुसत्या भागाकाराने वसुली साडेसात वर्षांहून जास्त. एफडीचं ७ टक्के व्याज धरलं तर ११ वर्षांच्या पुढे. आणि गिऱ्हाईक खरंच जास्त देईल का? नवऱ्या मुलीच्या आईला समिक्रॉन ठाऊक नसते. तिला अंतरपाट खाली आल्याच्या क्षणी मुलीचा चेहरा स्पष्ट हवा असतो.

इथेच तुमच्या बेताची खरी अडचण आहे. जुन्या रेंजफाइंडर लेन्सला ऑटोफोकस नाही. ५० मिमी लेन्स एफ २ ला उघडून दोन मीटरवरून फोटो घेतलात, तर फुल-फ्रेमवर स्पष्टतेची पट्टी जेमतेम १९ सेंटीमीटरची मिळते. पोर्ट्रेटसाठी बसलेल्या माणसावर ठीक आहे. फोकस पीकिंग (स्पष्ट कडा पडद्यावर रंगाने दाखवणारी सोय) आहे, चित्र मोठं करून पाहता येतं. पण अक्षता उडत असताना, किंवा नवरात्रात गरब्याच्या रिंगणात समोरून माणसं फिरत असताना हाताने फोकस करत बसाल तर निम्मे फोटो गेले. जवळचं अंतरही पाहा. या जुन्या स्क्रू (आट्यांनी फिरवून बसणाऱ्या) लेन्स साधारण एक मीटरच्या आत येत नाहीत, त्यामुळे मंगळसूत्राचा किंवा मेंदीच्या हाताचा फोटो त्यांच्याकडून निघत नाही. त्यासाठी हेलिकॉइड (लेन्स फिरवून पुढे सरकवणारी रचना) असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. तुमची ८५ मिमी विकणं म्हणजे वर्षाला २,४०,००० कमावणारं हत्यार ३०,००० ला देणं. या मुद्द्यावर मला दुसरा विचार करायची गरजच वाटत नाही.

सुपर-अँग्युलॉनबद्दल तर मी पैशाच्या आधी काचेचंच कारण देईन. कॅमेऱ्याच्या माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर लायका एम माउंटला २७.८ मिमी आणि जुन्या स्क्रू माउंटला २८.८ मिमी असतं, तर सोनीला १८ मिमी. म्हणून मधल्या जागेत काच नसलेलं साधं नळकांडं बसवलं की काम होतं, आणि ५० मिमी लेन्स छान चालतात. पण २१ मिमीची ही जुनी लेन्स मागून खूप आत शिरते, तिचे किरण कडांना फार तिरपे पडतात. फिल्मला ते चालायचं. सोनीच्या सेन्सरवर जाड काचेचं आवरण आहे. त्यातून ते तिरपे किरण गेले की कोपरे पसरट होतात, कडांना जांभळट रंग चढतो. निम्म्याहून अधिक पैसे यात घालून तुम्ही लग्नाच्या मंडपाचे असे फोटो द्याल? ही घेऊच नका.

उरली समिक्रॉन. लेन्स उत्तम, १९५३ पासूनची परंपरा. पण काकांची कॅनन घरात आहे, तिची आधी परीक्षा घ्या. स्क्रू-टू-एम ची १ मिमीची रिंग आणि एम-टू-ई अ‍ॅडॉप्टर (ई म्हणजे सोनीचं माउंट), दोन्ही मिळून चार-पाच हजारांत बसतील. त्याआधी अंधाऱ्या खोलीत लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, काचेवर श्वास सोडल्यासारखा पांढुरका थर दिसला तर हेझ. कॅननच्या या ५० मिमी एफ १.८ ला डायफ्रॅमच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या पडद्याच्या) मागच्या काचेवर हेझ धरण्याची खोड आहे, आणि ती जुनी झाली की काच कोरली जाते. मग साफ करूनही डाग राहतो. मग लांबवरच्या कीर्तिमंदिराच्या शिखरावर फोकस करून पाहा. अनंतापर्यंत पोहोचलं नाही तर अ‍ॅडॉप्टर बदलून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात ट्रंकेत लेन्स ठेवायची नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक आणि ४० ते ५० टक्क्यांची आर्द्रता, एवढं पुरतं.

एक हंगाम याच लेन्सने आई, शेजारी, मित्र यांचे पोर्ट्रेट काढा. तुळशीच्या लग्नानंतरच्या ऑर्डरमधून प्रत्येकी २,००० बाजूला टाका, वेगळ्या बचत खात्यात. वर्षाला २४,००० होतील. एफडी जशी आहे तशी. त्या पैशातून पुढे लेन्स घ्याल तेव्हा तिला कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचा ईएमआय लागणार नाही, आणि ती तोट्यात विकावी लागली तरी घर हलणार नाही. करातून सूट मिळेल या आशेने घेऊ नका. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरण्याच्या सोयीने रिटर्न भरत असाल, तर घसारा वेगळा वजा होत नाही.

टोकनचं बोलू. विक्रेत्याला आजच लेखी कळवा की व्यवहार होणार नाही, आणि टोकन परत मागा. त्याने काही कापून दिलं तरी घ्या, आणि पूर्ण नाकारलं तरी ५,००० गेले म्हणून उरलेले १,८०,००० देऊन टाकू नका. काकांची लेन्स टॉर्चसमोर धरल्यावर काय दिसलं ते फोटोसह लिहून पाठवा. साफ करायला द्यायची असेल, तर खर्च लेन्सच्या किमतीशी ताडून मी सांगेन.