छोटे किराणा दुकान चालवणाऱ्याला दिवसभर नेमके काय करावे लागते?

नोकरी सोडून राहत्या भागात किराणा दुकान टाकण्याचा आपला विचार आहे, आणि अशा दुकानात दिवसभर प्रत्यक्ष काय काम असते व ते एकट्या माणसाला झेपते का, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका गावात किराणा दुकान चालवते. आमच्याकडे पगारदार आणि ऊस उत्पादक शेतकरी अशी दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके आहेत, तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते अशा दुकानापुरते खरे धरावे.

गल्ल्यावर बसून माल देणे आणि पैसे घेणे हे काम कोणीही दोन आठवड्यांत शिकतो. दुकान टिकते ते कोणता माल किती आणायचा याच्या रोजच्या निर्णयावर आणि फळीवर किंवा उधारीत गेलेला पैसा वेळेत गल्ल्यात परत येण्यावर. आपला दिवस बहुतांशी या दोन गोष्टींत जाईल, अशी तयारी ठेवावी.

दिवसाचा साचा सांगण्यासारखा फारसा नाही. सकाळी लवकर दूध, पाव आणि अंड्यांची विक्री होते. दुधावर सुटणारे पैसे अगदी थोडे असतात, पण दुधाला आलेले गिऱ्हाईक चहापूड, साखर किंवा साबण घेऊन जाते म्हणून दूध ठेवावेच लागते. अकरानंतर गर्दी ओसरते आणि संध्याकाळी सहा ते नऊ पुन्हा उसंत मिळत नाही. मधल्या ज्या वेळात दुकान रिकामे दिसते, त्याच वेळात खरेदी, भरणी आणि हिशेब ही खरी कामे उरकायची असतात.

बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या मालासाठी वितरकाचा सेल्समन ठरलेल्या वारी येतो, मोबाइलवर ऑर्डर घेतो आणि एक-दोन दिवसांत गाडी माल टाकून जाते. महिनाअखेरीस त्याला टार्गेट पूर्ण करायचे असते, त्यामुळे ‘वहिनी, दोन पेट्या जास्त घ्या, स्कीम आजच बंद होतेय’ हे वाक्य दर महिन्याला ऐकू येते. स्कीममध्ये दोन-तीन टक्के जादा सुटतात हे खरे. परंतु पंधरवड्यात संपणाऱ्या मालाऐवजी चार महिन्यांचा माल घेतला, तर तेवढी रक्कम फळीवर अडकते आणि त्याच काळात तुरडाळ किंवा तेल आणायला हातात पैसे उरत नाहीत. ज्या मालाचा खप आपल्याला ठाऊक आहे त्यावरच स्कीम घ्यावी, आणि नव्या वस्तूची सुरुवात नेहमी लहानात लहान ऑर्डरने करावी. गाडी आली की, कितीही गिऱ्हाईक उभे असले तरी, पेट्या बिलाशी ताडून पाहाव्यात आणि प्रत्येक पुड्याची मुदत व छापील किंमत डोळ्यांखालून घालावी, कारण गाडी गेल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही.

मुदतीचा हिशेब नवख्याला किरकोळ वाटतो, म्हणून तो उलगडून सांगते. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर साधारण एक रुपया सुटतो असे धरले, तर एक पुडा वाया गेला की त्याचे नऊ रुपये भरून काढायला नऊ पुडे विकावे लागतात. काही वितरक मुदत संपलेला माल बदलून देतात, काही देत नाहीत, तर काही जण मुदतीपूर्वी ठराविक दिवसांत सांगितले तरच देतात. पहिली ऑर्डर देण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. नवा माल मागे आणि जुना पुढे लावणे हे रोजचे काम आहे, आणि मदतनीस मुलगा ते हमखास टाळतो.

सुट्या मालात नफा आहे असे म्हणतात. तांदूळ, डाळी आणि शेंगदाणे यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, साखरेच्या बाबतीत नाही. साखरेचे पन्नास किलोचे पोते घेतले आणि किलोमागे दोन रुपये सुटले, तर पोत्याला शंभर रुपये होतात. आता प्रत्येक किलोच्या पुडीत हात सैल सोडून दहा ग्रॅम जास्त गेले, तर पोत्यामागे अर्धा किलो साखर गेली; पंचेचाळीस रुपये भावाने ती साडेबावीस रुपयांची झाली, आणि पिशव्यांचा खर्च त्यात धरलेलाच नाही. रिकामे बारदान विकून चार पैसे येतात खरे, पण त्यावर दुकान चालत नाही. याचा अर्थ मापात मारावे असा मुळीच नाही, काटा नेमका असावा एवढाच आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षी करून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

कोल्हापूरच्या पावसात साठवण हेच अर्धे काम होऊन बसते. जून ते सप्टेंबर गूळ पाझरतो, मिठाला पाणी सुटते, डाळींना टोके लागतात आणि रव्याला जाळी धरते. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत, रवा-मैदा आठवड्याला पुरेल एवढाच आणावा, आणि गुळाचा मोठा रवा (ढेप) फोडला की उरलेला भाग प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून टाकावा.

खरेदीला सणांचा आणि हंगामाचा अंदाज लागतो. भुसार माल आम्ही शहरातील लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणतो, आणि तेथे भाव चढण्याच्या थोडे आधी पोहोचणे यातच कसब आहे. आषाढी आणि श्रावणासाठी साबुदाणा, भगर व शेंगदाणे, गणपतीला खोबरे व गूळ, दिवाळीला रवा, मैदा, हरभरा डाळ व पातळ पोहे, संक्रांतीला तीळ, हे सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या भागात उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, त्या वेळी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीबरोबर धणे, तीळ, खोबरे आणि गरम मसाला एकाच यादीत मागितला जातो. यातली एक वस्तू जरी दुकानात नसली, तरी गिऱ्हाईक सगळी यादी घेऊन दुसरीकडे जाते. अशा दिवसांत चार जिन्नस जास्त आणलेले चालतात. एरवी माझा कल कमी आणण्याकडेच असतो.

साठा आटोपशीर ठेवण्याचे आणखी एक कारण अलीकडे दिसले. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि बिस्किटे यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि जुन्या छापील किमतीचा माल कमी दराने विकावा लागला. ज्यांच्याकडे जुना साठा मोठा होता, त्यांची ओढाताण साहजिकच अधिक झाली.

उधारीविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतील आणि ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटीही तयार मिळते. वस्तीतल्या दुकानाला ती पाटी परवडत नाही, कारण रोखीचे गिऱ्हाईक मॉलमध्येही जाऊ शकते. वहीवर नाव असलेले मात्र आपल्याकडेच येते. प्रश्न कोणाला आणि कितीपर्यंत द्यायचे एवढाच असतो. पगारदाराची वही दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कोरी झाली पाहिजे. शेतकऱ्याचे चक्र निराळे असते. साखर कारखान्याने ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत उसाचे बिल देण्याचा नियम असला, तरी पैसे येईपर्यंत थांबावे लागते आणि त्या रकमेतून गावच्या सहकारी सोसायटीचे शेतीकर्ज आधी वळते होते. त्याला महिन्याचा तगादा लावणे व्यर्थ आहे, मात्र वर्षभरातल्या उधारीची मर्यादा आधी बोलून घ्यावी. ‘वहिनी, लिहून ठेवा’ असे कोणी जाता जाता म्हणाले, तर त्याच्यासमोरच लिहावे आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. महिन्याने होणारे निम्मे वाद तेथेच मिटतात. मागणी करायची ती एकट्यात, चार गिऱ्हाइकांसमोर कधीही नाही.

रात्री गल्ला मोजताना रोख, यूपीआयची जमा आणि उधारी हे तीन आकडे वेगवेगळे लिहावेत. दुकानाचे पैसे घरखर्चाच्या खात्यात येऊ देऊ नयेत, आणि गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवलेल्या चित्रावर विसंबण्यापेक्षा आपल्या स्पीकरचा आवाज ऐकावा किंवा खात्यात जमा पाहावी. घरात लागणारे तेल-साबणही वहीत लिहावे. ते न लिहिल्यामुळे नफा कोठे जातो हे कित्येकांना वर्षानुवर्षे कळत नाही.

कागदपत्रांचे काम थोडेच आहे. खाद्यपदार्थ विकायचे म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी, दुकानाची कामगार खात्याकडे ऑनलाइन नोंद, मराठी पाटी, आणि वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्यास जीएसटी, एवढे स्थानिक कर सल्लागार सहज करून देतो.

आता एकट्याला झेपते का, याविषयी. एकट्याला दुकान उघडे ठेवता येते, पण नीट चालवता येत नाही, कारण लक्ष्मीपुरीला गेले की दुकान बंद राहते आणि दुकानात बसले की खरेदी सेल्समनच्या मर्जीवर जाते. संध्याकाळचे तीन तास आणि खरेदीचा दिवस यांसाठी घरातले भरवशाचे माणूस हवे. केवळ पगारी मुलावर गल्ला सोपवण्याइतका नफा लहान दुकानात सुरुवातीला नसतो. नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी ओळखीच्या दुकानात रजा काढून बसावे, आणि महिन्याचे पहिले दहा दिवस व शेवटचा आठवडा असे दोन्ही काळ पाहावेत. त्या दोन्ही वेळी गल्ल्यात किती पैसे येतात आणि वितरकांना किती जातात हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर भांडवलाचा आकडा आपल्याला स्वतःलाच काढता येईल.