खराऱ्याने न निघणारे पिवळे ठिपके

प्रश्न : घोडीच्या पुढच्या पायांवर पिवळसर ठिपके चिकटलेत, खरारा करूनही निघत नाहीत. लिदीत लालसर जाड अळ्या दिसतात. फेनबेन्डाझोल (जंतांचं औषध) दिलं, तरी अळ्या पडतातच. काय करावं?

उत्तर : ठिपके म्हणजे बॉट माशीची अंडी. चार-पाच केस कापून भिंगाखाली धरा, खरारा का हरतो ते लगेच कळेल. अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं. त्याच्या बुडाच्या दोन कडा केसाला दोन्हीकडून कवेत घेतात आणि वर चिकट द्राव वाळून घट्ट बसलेला असतो. टोकाला तिरपं झाकण असतं. घोडी पाय चाटते तेव्हा ऊब आणि ओल मिळून ते उघडतं आणि अळी जिभेवर जाते. जिभेत-हिरड्यांत तीन-चार आठवडे काढून ती जठरात उतरते.

आता लिदीतली अळी धुऊन बघा. निमुळत्या टोकाला दोन वाकडे काळे आकडे, यांनीच ती जठराच्या अस्तराला लटकते. अंगाच्या वळ्यांवर काट्यांच्या दोन-दोन रांगा, पुढच्या रांगेतले काटे मोठे. जाड टोकाला श्वास घेण्याच्या बाकदार फटी. लाली बघून 'घोडीचं रक्त प्यायली' असं वाटतं, पण ते अळीचं स्वतःचं हिमोग्लोबिन आहे. जठरात हवा कमी, तिथं ते कामाला येतं.

हा जंत नव्हे, कीटक आहे. म्हणून फेनबेन्डाझोल चालत नाही. पशुवैद्यकाकडून वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन घ्या, अंदाजाने देऊ नका. या माशीची अंडी केसांवर असतात, लीद तपासून सापडत नाहीत; म्हणून 'रिपोर्ट चांगला आला' यावर विसंबू नका.

लिदीत पडणाऱ्या अळ्या पोटात 8 ते 10 महिने राहून निघालेल्या असतात. पुढे त्या मातीत कोष करतात, म्हणून लीद रोज उचला. माशीसाठी गुळाचं विषारी आमिष ठेवू नका. तिचं तोंड खुंटलेलं असतं, ती काही खातच नाही.

केसांवरची अंडी हलक्या हाताने ब्लेडने खरवडा किंवा केसच कातरा. खरवडलेलं गोठ्यात पडू देऊ नका. हातमोजे घाला, कारण नुकती फुटलेली अळी क्वचित माणसाच्या कातडीतही शिरते.