लाल बटण दाबलं म्हणजे करंट गेला असं नाही

लेथवर उभा राहिलास की आधी इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण शोध. न बघता हात तिथे पोचतो का, तेही करून बघ. शिफ्ट सुरू होताना बटण दाबून मशीन खरंच थांबतं का ते तपास. बटण पिळून सोडल्यावर मशीन आपोआप फिरू लागलं, तर त्यावर काम करू नकोस, सुपरवायझरला सांग. स्टार्ट दाबल्याशिवाय ते हलता कामा नये.

या बटणाचा कॉन्टॅक्ट नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे बटण न दाबता जोडलेला असतो. वायर तुटली तरी मशीन थांबावं म्हणून. ‘सारखं बंद पडतं’ म्हणत तिथे जंपर, म्हणजे बटणाला वगळून जोडलेली वायर, टाकलेला दिसला की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

पण नुसतं बटण दाबून पॅनेल कधीच उघडू नकोस, बाबा. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, सुटतो, तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच असतात. आयसोलेटर, म्हणजे मशीनचा मेन स्विच, बंद कर, स्वतःचं कुलूप लाव, किल्ली खिशात ठेव. मग मल्टीमीटर आधी चालू लाइनवर तपासून तिन्ही फेजवर व्होल्टेज खरंच गेलंय का ते मोज. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं युनिट, असेल तर कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरेपर्यंत, ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं पूर्ण थांब.