पहिल्याच दिवशी दहा बाटल्या आणू नका

थाई करी करून बघायचीय? मस्त! फक्त सुरुवातीला एकच देश धरा आणि एकच यूट्यूब चॅनेल. थाईसाठी ‘हॉट थाई किचन’, पुढे कोरियनकडे वळलात तर मांगची. पदार्थ असा का करायचा, हे दोन्ही चॅनेलवाल्या नीट समजावतात.

सामानासाठी क्रॉफर्ड मार्केट. पण निघण्याआधी घरात डोकवा. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच! भाजीवाला बहुधा नुसती पात देतो, करीला लागतो खालचा पांढरट बुंधा, म्हणून ‘बुडख्यासकट द्या’ असं सांगून ठेवा. नारळाचं दूध तर सोलकढीला काढतो तसंच. पहिलं दाट वेगळं, दुसरं पातळ वेगळं. डबा कशाला हवा?

नवखे हमखास फसतात ते इथे:

- अमेरिकन कृतीतलं कॉर्नस्टार्च म्हणजे आपल्या वाण्याकडचं कॉर्नफ्लोर. मी त्यासाठी अख्खं दादर पालथं घातलं होतं.
- हेवी क्रीममध्ये 36 टक्क्यांच्या आसपास फॅट असतं. आपल्याकडच्या 25 टक्केवाल्या खोक्यातलं क्रीम कितीही फेटा, फुगत नाही. करीत मात्र खुशाल घाला.
- टेबलस्पून सहसा 15 मिली, ऑस्ट्रेलियन असेल तर 20. मीठ-सॉस घालताना हे बघाच.
- फिश सॉसची लहानच बाटली घ्या. आमच्याकडे मोठीच्या वासावरून महाभारत झालं होतं.

करी पेस्ट सध्या तयार आणा. घरी वाटायचं नंतर बघू. पहिली करी जमली की कळवा!