लाकडी कांदे आणि सहाशे बारा माणसं

हिशोबाची वही : वाचकांचे पैशाचे प्रश्न, सातपूरच्या एका जुन्या छापखानेवालीची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. मी कॉलेज रोडला राहतो, नोकरी सोडून बोर्ड गेम बनवतो. लासलगावच्या कांदा लिलावावर एक खेळ केलाय. खेळणारे व्यापारी होतात, ट्रॅक्टरवर बोली लावतात, उन्हाळ कांदा चाळीत साठवून ठेवायचा की विकून मोकळं व्हायचं ते ठरवतात आणि मधेच निर्यातबंदीचं पान निघतं. छापायला पैसे नव्हते म्हणून क्राउडफंडिंग केलं, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे घेतले. घरपोच खेळासाठी ६१२ जणांनी प्रत्येकी १,२५० रुपये भरले. ७,६५,००० जमले, वेबसाइटची आणि पेमेंटची कपात जाऊन ७,०३,८०० हातात आले. त्यातले चित्रकाराला १,१०,०००, नमुन्यांना ३८,०००, लाकडी कांद्यांच्या सोंगट्यांना आगाऊ ८०,०००, बेंगळुरूच्या एका प्रदर्शनात स्टॉलला ४६,०००, लॅपटॉपला ७२,००० आणि जागेच्या तीन महिन्यांच्या भाड्याला ५४,००० गेले. खात्यात ३,०३,८०० आहेत. छपाईचे २,९४,००० (७०० पेट्या, करासकट), सोंगट्यांचे उरलेले ८०,०००, धातूच्या नाण्यांचे १,००,९८० आणि कुरियरचे १,१३,२२० अजून द्यायचेत. नाणी मी ‘पाच लाख पार झाले तर सगळ्यांना’ असं उत्साहात जाहीर करून बसलो. खेळ पाडव्याला देणार होतो, मग अक्षय्य तृतीया म्हटलं, मग गणपती. आठ आठवडे पैसे भरणाऱ्यांच्या ग्रुपवर काही लिहिलेलं नाही. काल एकाने टाकलं, ‘कांदा सडला वाटतं.’ प्रत्येकाकडून ४६५ रुपये जादा घेतले तर भागतं. मित्र म्हणतो, दुसरा खेळ जाहीर कर, त्या पैशात पहिला निघेल. काय करू?
— एक खेळवेडा, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. बेरीज बरोबर आहे, २,८४,४०० कमी पडतात. बेरीज येणारा माणूस आठ आठवडे गप्प का बसतो, हे मला पुरतं ठाऊक आहे, कारण मी स्वतः अकरा आठवडे गप्प बसले होते.

१९९५ साल. आमच्या छापखान्याने एका बाईंचं पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं, प्रकाशनपूर्व सवलतीत. तुम्ही ज्याला क्राउडफंडिंग म्हणता ते मराठी प्रकाशक कधीपासून करतायत. आधी पैसे भरा, पुस्तक स्वस्तात घ्या. ४१० जणांनी साठ-साठ रुपये भरले. आणि त्याच महिन्यात मशीनचा रोलर गेला. यजमान म्हणाले, गल्ल्यात पुस्तकाचे पैसे पडलेत, तूर्त वापरू. वापरले. तोवर कागद कडाडला. पंचवटीतले एक निवृत्त हेडमास्तर आले, खुर्चीत बसले, म्हणाले, “पुस्तक राहू द्या, तारीख सांगा.” मी सांगितली. ती टळली. पुन्हा आले, पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. भाजीबाजारात समोर दिसले आणि मान खाली घालून वांगी निवडत राहिले. रोलरचे पैसे फिटले कधीच, ती वांगी अजून डोळ्यांसमोर आहेत.

तर आधी मित्राचा सल्ला. नको. याची टोपी त्याला घालायची आणि ती पुरली नाही की तिसरा शोधायचा, हा धंदा कुठे जातो ते भिशी बुडालेल्या कुठल्याही गल्लीत विचारा. आज ६१२ जणांचं देणं आहे, उद्या हजारांचं होईल आणि दोन्ही खेळ अर्धवट.

आता लॅपटॉप आणि भाडं. इथे मी जरा कडक बोलणार. अमेरिकेत २०१२ साली किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ नावाच्या बोर्ड गेमसाठी पैसे मागितले गेले. हवे होते ३५,००० डॉलर, १,२४६ लोकांनी दिले १,२२,००० च्या वर. २०१३ मध्ये खेळ रद्द झाल्याचं जाहीर झालं. पैसा गेला होता घरभाड्यात, दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवण्यात, स्वतःच्या सामानसुमानात. २०१५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली, क्राउडफंडिंगवरची त्यांची ती पहिलीच. खेळ शेवटी दुसऱ्याच एका कंपनीने छापून लोकांना फुकट पोचवला. कारवाईचं कारण पैसे कमी पडले हे नव्हतं. पैसे खेळाच्या नावाने घेतले आणि घरात गेले, हे होतं. तुमचं प्रमाण लहान आहे आणि नियत वाईट दिसत नाही, पण खातेवहीत तुमची नोंद त्याच रकान्यात पडते. ७२ आणि ५४ मिळून १,२६,००० खात्यात परत भरा. लॅपटॉप विका, वडिलांकडून घ्या, सोनं तारण ठेवा. ग्रुपवर एक अक्षर लिहिण्याआधी हे व्हायला हवं. स्टॉलचे ४६,००० मी मान्य करते, कुरकुरत.

तूट राहिली १,५८,४००.

कुरियरवाल्याचा आकडा ऐकून तुम्हाला धक्का बसला असणार. तो वजनाचे घेत नाही, जागेचे घेतो. बहुतेक कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, ५,००० ने भागतात, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर तेच धरतात. तुमच्या पत्रासोबतच्या कोटेशनवर बाहेरचं खोकं ३२ × ३२ × ९ आहे. म्हणजे १.८४, म्हणजे २ किलोचा दर, १८५ रुपये. आत खेळ आहे किलोभरही नाही, बाकी नाशिकची हवा. पट ५० × ५० चा आहे ना? त्याची चौघडी करा, २५ × २५ होतो. पेटी २६ ची करा, बाहेरचं खोकं २७ × २७ × ६.५ बसेल, ते येतं ०.९५. तुमच्याच कोटेशनमध्ये १ किलोचा दर १२० आहे. पण धातूची नाणी आत असतील तर खरं वजन किलोच्या वर जाईल आणि सगळं मुसळ केरात. पेटीची डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, अजून पडली नसेल तर आजच प्रेसला फोन करा. पडली असेल तरी नवी डाय या फरकापेक्षा स्वस्त पडेल.

तुमच्या यादीत नाशिकचे १४० जण आहेत. त्यांना कुरियर कशाला? एका रविवारी एखादा हॉल घ्या, या आणि घेऊन जा म्हणा. उरले ४७२, त्यांचे ५६,६४०. वाचले ५६,५८०.

नाणी. धातूऐवजी पंचिंगच्या, म्हणजे तुकडे ठोकून काढायच्या, पुठ्ठ्यावर नाणी बसवली तर पेटीमागे बाराएक रुपये पडतील, म्हणजे ७,३४४. वाचतात ९३,६३६. पण सावकाश! हे परस्पर ठरवायचा हक्क तुम्हाला नाही. नाणी तुम्ही कबूल केलीत. काहींनी त्या नाण्यांसाठीच पैसे भरले असतील; माझा नातू भरेल, त्याला खेळापेक्षा खुळखुळ आवडते. म्हणून विचारायचं, आणि नको म्हणणाऱ्याला पूर्ण १,२५० परत.

आता तूट ८,१८४. हिशोब इतका गोड जुळला की मला संशय येतो. छपाईत वाया जाणारा माल, चेपलेली खोकी, हरवलेलं पार्सल यांना ३०,००० धरा. तीस जणांनी पैसे परत मागितले तर ३७,५००. लॅपटॉप-भाडं धरून एकूण दोन लाखांच्या आसपास तुमच्या खिशातून जाणार. लोकांकडून ४६५ मागितले असते तर यातला एक रुपयाही गेला नसता, हे मला कळतं. पण चूक तुमची आणि वर्गणी त्यांची, असं होत नाही. ६१२ च्या वर छापायच्या ८८ पेट्यांवर फार विसंबू नका. त्यातल्या पंचवीस बदली म्हणून ठेवा, बाकीच्या विकल्यावर पैसे मोजा, आधी नाही.

मग लिहायचं. आमच्या वेळी मी ४१० पोस्टकार्डं हाताने लिहिली, रोलरसकट. यजमान दोन दिवस बोलले नाहीत. १९ जणांनी पैसे परत मागितले, पंधरा दिवसांत दिले. बाकीचे थांबले. पुस्तक निघालं, जरा हलक्या कागदावर, पण तेही कार्डात आधी सांगितलं होतं. हेडमास्तरांनी माझं कार्ड परत पाठवलं, त्यात ‘दिलगीरी’तला ‘गी’ लाल शाईने ऱ्हस्व केला होता. तेव्हा समजले, आता बोलतील.

तुमचा मजकूर साधारण असा असू द्या :

‘खेळ गणपतीत मिळणार नाही. तुमचे ७,०३,८०० रुपये माझ्याकडे आले, कुठे गेले त्याचा तक्ता सोबत आहे. लॅपटॉप आणि भाडं मी या पैशातून केलं, ते चुकलं. ते १,२६,००० मी अमुक तारखेला परत भरले, बँकेच्या नोंदीचा फोटो जोडला आहे. धातूची नाणी देणं जमत नाही, पुठ्ठ्याची देता येतील. हे मान्य नसेल त्यांनी दहा दिवसांत कळवावं, महिन्याच्या आत पूर्ण रक्कम परत करीन. कोणाकडूनही जादा पैसे मागणार नाही. प्रेसची लेखी तारीख आली की तीच कळवीन, तोवर मी तारीख सांगणार नाही. दर पंधरा दिवसांनी रविवारी लिहीन, सांगण्यासारखं काही नसलं तरी.’

‘अनपेक्षित अडचणींमुळे’ हे शब्द आले तर मी तुम्हाला ओळख देणार नाही. आणि सणाच्या नावाने तारीख देऊ नका. सण आपल्या वेळेला येतो, आपला माल येत नाही, मग दर सणाला लोकांना तुमची आठवण होते. पैसे परत मागणाऱ्याशी वाद घालू नका, ‘तुम्ही फक्त पाठिंबा दिला होता’ असलं शिकवू नका. किकस्टार्टरच्या अटींतही आहे की काम पुरं झालं नाही तर पैसे कसे वापरले ते सांगायचं आणि उरलेले परत द्यायची तयारी ठेवायची.

जाता जाता एक. पत्रात जीएसटी नोंदणीचा उल्लेख नाही. वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत असली की नोंदणी नको, असं बरेच धरून चालतात. परराज्यात माल विकायचा तर एका पेटीलाही लागते. तुमच्या यादीत पुणे-मुंबईखेरीज बेंगळुरू, इंदूर, हैदराबाद आहे. पेट्या निघायच्या आधी सीएला भेटा.

‘कांदा सडला वाटतं’ म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नका. खेळ तुमचाच आहे, चाळीत कांदा किती दिवस झाकून ठेवता येतो हे तुम्ही पानावरच छापलं असेल.

प्रश्न : काकू, मी दुसऱ्या बाजूची. एका बोर्ड गेमसाठी २,४०० रुपये भरून चौदा महिने झाले. गेम नाही, पण करणारे गृहस्थ नव्या गेमचे फोटो टाकतात. पैसे मागायचे की थांबायचं? घरचे हसतात.
— सिन्नरहून एक वाचक

उत्तर : घरच्यांना हसू द्या, त्यांनीही कुठेतरी प्लॉटचं टोकन भरलेलं असतं.

त्यांना लेखी तीन गोष्टी विचारा : माझ्या गेमची छपाईची ऑर्डर दिली का, कोणत्या तारखेला, आणि खात्यात किती शिल्लक आहे. प्रेसला ऑर्डर गेली असेल तर आगाऊ रकमेची पावती असते, तिचा फोटो पाठवायला दोन मिनिटं लागतात. पावती आली तर थांबा, माझं मत थांबायच्या बाजूचं. नव्या गेमचा फोटो आला तर पैसे मागा, पंधरा दिवसांची मुदत द्या, फोनवर नको, ईमेलने. भरलेल्या पैशांची पावती, वस्तूचं वर्णन, कबूल केलेली तारीख यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. अशी पानं नंतर सापडत नाहीत. तक्रारीची वेळ आलीच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती करता येते, त्यांच्या गावी जावं लागत नाही.

आणि गेम आलाच, तर फोटो काढून मिरवण्याआधी सोंगट्या मोजा. प्रेसकडून एखादी कमी येतेच, मी तीस वर्षं मोजल्यात.