तेल कंपन्यांच्या नफ्यामुळे इंधन महागतं, की इंधन महागल्यामुळे त्यांना नफा होतो?

बहुतेक वेळा दुसरं. पण पहिल्यातही थोडं तथ्य आहे.

आधी कच्चं तेल. एका पिंपात 159 लिटर, म्हणजे पिंपामागे 10 डॉलर वाढले की लिटरमागे साधारण 6 सेंट. हा भाव कुठलीही एक कंपनी ठरवत नाही. एक्सॉनमोबिलला 2020 साली 22 अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि 2022 साली 55 अब्जांहून जास्त नफा. दोन वर्षांत कंपनीची हाव वाढली असं थोडंच आहे! 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी तेलाचा वायदा (माल पुढच्या तारखेला घ्यायचा सौदा) उणे 37.63 डॉलरवर बंद झाला होता. माल ठेवायला टाक्याच उरल्या नव्हत्या, त्यामुळे विकणारा वरून पैसे देत होता. मार्च 2022 मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, ब्रेंट, म्हणजे ज्याचा भाव जगभर प्रमाण मानतात ते कच्चं तेल, काही वेळ पिंपाला 139 डॉलरला टेकलं. विहिरीतून तेल उपसायचा खर्च काही त्या प्रमाणात वाढला नाही. मधला फरक म्हणजेच तो विक्रमी नफा. उत्पादन मुद्दाम कमी ठेवून भाव चढवण्याचं काम होतं ते ओपेक प्लस या तेल उत्पादक देशांच्या गटात, आणि तिथे निर्णय सरकारं घेतात.

मग कंपन्यांवर संशय कुठे घ्यायचा? भाव उतरताना. रॉबर्ट बेकन या अर्थतज्ज्ञाने 1991 मध्ये ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या दरांवर लिहिताना रॉकेट आणि पिसाची उपमा दिली. कच्चं तेल चढलं की पंपावरचा दर रॉकेटसारखा वर जातो, उतरलं की पिसासारखा तरंगत खाली येतो. तेवढे दिवस मार्जिन मधल्या विक्रेत्यांच्या खिशात. रिफायनरीचंही तसंच, फक्त तिथे दरवेळी लबाडी नसते. कोविडच्या काळात काही रिफायनऱ्या बंद पडल्या, मागणी परत आली तेव्हा डिझेल कमी पडलं आणि कच्च्या तेलापेक्षा डिझेलच जास्त महागलं.

महागाईच्या दृष्टीने डिझेल पेट्रोलपेक्षा जास्त घातक, कारण ट्रक आणि ट्रॅक्टर त्यावर चालतात. मी काही वर्षं मालवाहतुकीचे करार बघायचो. करारात इंधन अधिभाराचं एक कलम असायचं: डिझेल अमुक टक्के वाढलं की भाडं तमुक टक्के वाढेल. वाढीचं बिल आम्ही पुढच्याच महिन्यात लावायचो. उतरल्यावर भाडं कमी करायची तरतूदही त्याच कलमात होती, पण त्यासाठी ग्राहकाने लेखी मागणी करायची होती. फार थोडे करायचे.

एक गल्लत मात्र सगळेच करतात. इंधन 100 चं 150 झालं आणि तिथेच थांबलं, तर पुढच्या वर्षी महागाईच्या दरात त्याची थेट भर शून्य, कारण तो दर फक्त वर्षभरातली वाढ मोजतो. बातमी येते, ‘महागाई घटली’. भाडं मात्र वाढलेलंच असतं, कारण ते पत्र कुणी लिहिलेलं नसतं.

तेल कंपन्यांच्या नफ्यावर जादा कर लावला तर? ब्रिटनने मे 2022 मध्ये 25 टक्के लावला. सरकारच्या तिजोरीत पैसे आले, तेवढाच त्याचा उपयोग. पिंपाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, त्याला तो कर दिसतही नाही.