सिंगल कोणती आणि चार्टवरची कोणती?

प्रश्न : ब्रिटिश गायक एड शीरनच्या ‘डिव्हाइड’ अल्बममधली सोळाच्या सोळा गाणी ब्रिटनच्या चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या आठवड्याच्या क्रमवारीत, टॉप २० मध्ये होती म्हणतात. मग ती सगळी सिंगल म्हणायची का?

उत्तर : नाही. सिंगल म्हणजे अल्बममधून वेगळं काढून स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेलं गाणं. ६ जानेवारी २०१७ ला ‘शेप ऑफ यू’ आणि ‘कॅसल ऑन द हिल’ एकाच दिवशी आली. पुढे ‘गॅलवे गर्ल’, ‘परफेक्ट’ आणि २०१८ मध्ये ‘हॅपिअर’. सिंगल म्हणायची ती हीच. बाकीची चार्टवर चढली ती स्ट्रीमिंगमुळे, म्हणजे लोकांनी ती इंटरनेटवर ऐकल्यामुळे. तेव्हा ब्रिटनमध्ये १५० स्ट्रीम म्हणजे एक विक्री असा हिशोब होता. मार्चमध्ये अल्बम आल्यावर लोकांनी तो सलग ऐकला आणि प्रत्येक गाण्याच्या खात्यात आकडे पडत गेले. नव्या गायकांना जागाच उरेना! म्हणून जुलै २०१७ पासून एका मुख्य कलाकाराची जास्तीत जास्त तीनच गाणी टॉप १०० मध्ये घ्यायचं ठरलं. उतरणीला लागलेल्या जुन्या गाण्यांना तर एका विक्रीसाठी ३०० स्ट्रीम लागू लागले. आमच्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. ‘शेप ऑफ यू’ची गोष्ट मात्र वेगळी : एकूण १४ आठवडे पहिला क्रमांक, मध्ये फक्त एक आठवडा गायक हॅरी स्टाइल्सचा.